धागा : राज्याबाहेर जाणाऱ्या लॉरीची वर्षाची कागदपत्रं, कशाआधी काय करायचं? (बेळगाव, चिक्कोडी, निपाणी, खानापूर)

सीमाभाग_लॉरी
मंडळी, मार्च-एप्रिल आला की आरटीओसमोरच्या एजंटांकडे तेच प्रश्न घेऊन गर्दी होते. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवूया. उदाहरणाला एक गाडी धरा : केए-२३ (चिक्कोडी आरटीओ) ची दहा चाकी, जीव्हीडब्ल्यू (गाडी आणि माल मिळून वजन) २८ टन, वय सहा वर्षं, फायनान्स अजून चालू. बेळगावच्या उद्यमबागेतून कास्टिंग (ओतीव लोखंडी भाग) भरून पुणे-चाकण, कधी अनमोडमार्गे गोवा. या गाडीला दर वर्षी काय काय लागतं आणि कुठल्या क्रमाने, ते ज्यांना पक्कं माहीत आहे त्यांनी लिहा. सरकारी फी आणि एजंटचा मेहनताना वेगवेगळा लिहा, नवीन माणसाला दोन्ही एकच वाटतात.

परिवहन_खिडकी
क्रम असा : विमा आणि पीयूसी, मग रोड टॅक्स, मग एफसी (फिटनेस सर्टिफिकेट), शेवटी नॅशनल परमिटचं ऑथरायझेशन. हा क्रम उलटा चालत नाही, कारण सरकारचं 'वाहन' पोर्टल प्रत्येक पायरीला मागची पायरी तपासतं. एफसी संपलेली असेल तर ऑथरायझेशनचा अर्ज पुढे सरकत नाही. टॅक्स थकला असेल तर एफसीची तारीखच मिळत नाही.

नॅशनल परमिटचे दोन भाग आहेत. पार्ट ए म्हणजे मूळ परमिट, ते पाच वर्षांचं. पार्ट बी म्हणजे ऑथरायझेशन, ते एका वेळी जास्तीत जास्त एक वर्षाचं. पार्ट ए हातात आहे म्हणून गाडी निर्धास्त सोडतात आणि पार्ट बी संपलेला असतो, हा प्रकार फार होतो. परमिट नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान १५ दिवस आधी द्यायचा असतो, तोही पाच वर्षांनी एकदाच असल्यामुळे नेमका विसरतो.

पैसे : एकत्रित फी वर्षाला १६,५०० रुपये, ऑथरायझेशनची फी १,००० रुपये, म्हणजे सरकारी खर्च १७,५००. मे २०१० मध्ये नवी पद्धत आल्यापासून ही एकच रक्कम सगळ्या राज्यांना चालते, राज्यागणिक वेगळे डिमांड ड्राफ्ट काढायची गरज उरली नाही. त्यावर कोण किती घेतो ते ज्याचं त्याने ठरवावं, पण पावतीवर सरकारी आकडा स्वतः वाचा.

ऑनलाइन करताना गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच आकडे लागतात. ओटीपी आरसीला जोडलेल्या मोबाइलवर जातो. जुन्या मालकाचा किंवा एजंटचा नंबर जोडलेला असेल तर आधी तो बदलून घ्या, नाहीतर दर वर्षी त्याच्याच दारात उभं राहावं लागतं. पैसे खात्यातून गेले आणि पावती आली नाही तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. पोर्टलवर पेंडिंग ट्रान्झॅक्शन तपासायची सोय आहे, आधी तिथे बघा.

उद्यमबाग_लोडिंग
यात एक भर. पोर्टलवरचा विमा विमा कंपनीने चढवलेल्या नोंदीवरून दिसतो. पॉलिसी हातात आहे पण तिच्यात इंजिन नंबरचा एक आकडा चुकलाय, तर पोर्टलला ती पॉलिसी दिसतच नाही. पॉलिसी आली की त्याच दिवशी आरसीशी इंजिन, चेसिस, जीव्हीडब्ल्यू ताडून बघा. चूक असेल तर एंडॉर्समेंट (पॉलिसीतली दुरुस्ती) करून घ्यायला दोन-चार दिवस जातात आणि तेवढे दिवस एफसी अडकते.

थर्ड पार्टीचे २०२२ मध्ये ठरलेले दर : १२ ते २० टन ३५,३१३ रुपये, २० ते ४० टन ४३,९५० रुपये, ४० टनांच्या वर ४४,२४२ रुपये. जीएसटी वेगळा. हे दर सगळ्या कंपन्यांना सारखेच असतात, त्यामुळे 'स्वस्त थर्ड पार्टी' म्हणून कोणी काही विकत असेल तर पॉलिसी खरी आहे का ते आधी तपासा. घासाघीस फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, भागात होते. पॉलिसीत खंड पडला तर ओन डॅमेजसाठी गाडीची तपासणी लागते, आणि ९० दिवसांच्या वर खंड गेला तर नो क्लेम बोनस जातो.

एफसी_मास्तर
एफसीवर सविस्तर लिहितो, कारण बहुतेक गाड्या इथेच परत जातात.

मुदत : नवीन गाडीला नोंदणीपासून पहिली दोन वर्षं एफसी असल्याचं मानलं जातं. पुढे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन-दोन वर्षांनी, आठनंतर दर वर्षी. म्हणजे वरच्या सहा वर्षांच्या गाडीला आज केलेली एफसी दोन वर्षं चालेल, त्यानंतर दर वर्षीचा खर्च धरा. मुदत उलटली की दिवसाला ५० रुपये जादा फी. पंधरा वर्षांवरच्या जड गाड्यांची एफसी फी एप्रिल २०२२ पासून हजारांत गेलीय, जुनी गाडी घेताना हे हिशेबात धराच.

गाडी नापास कशाने होते :

रिफ्लेक्टिव्ह टेप. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. एआयएस-०९० प्रमाणित, रुंदी ५० मिमी. बाजारात मीटरवर मिळणारी साधी टेप दिसायला तशीच असते, पण तिच्यावर प्रमाणनाचा छाप नसतो आणि प्रमाणपत्र ऑनलाइन निघत नाही. बॉडी धुऊन, डिझेलचा हात पुसून, पूर्ण वाळल्यावर लावा. लाकडी फळ्यांवर रंग सुटत असेल तर टेप आठवड्यात उचलते. तिथे पत्र्याची पट्टी मारून तिच्यावर चिकटवा.

मागचा बंपर, म्हणजे अंडररन गार्ड. रिकाम्या गाडीत जमिनीपासून ५५० मिमीपेक्षा वर नको. वाळू किंवा खडीच्या साइटवर जाणाऱ्या गाड्यांचा हा गार्ड मागे घेताना आपटून वाकतो, मग तो वर उचलून वेल्डिंग करतात. तिथेच मापात जातं. सरळ करून मूळ उंचीवरच बसवा. मागून घुसलेली कार या गार्डनेच अडते, त्यामुळे हा फक्त पासिंगपुरता विषय नाही.

स्पीड गव्हर्नर. ८० किमीची मर्यादा. सील तुटलेलं असेल किंवा वायर काढून ठेवलेली असेल तर नापास. गाडीतलं यंत्र आणि पोर्टलवरचा सिरीयल नंबर जुळला पाहिजे.

टायर. नक्षी किमान १.६ मिमी. स्टेपनीही बघतात. दहा चाकीत आतल्या जोडीचा टायर बाहेरून दिसत नाही, तोच गुळगुळीत निघतो.

ब्रेक. रोलरवर दोन्ही बाजूंचा जोर मोजतात. एका बाजूला ग्रीस किंवा ऑइल सील गळून लायनर भिजलेला असेल तर गाडी ओढते आणि फरक लगेच दिसतो. लायनर बदलून सरळ तपासणीला नेऊ नका. नवा लायनर ड्रमला पूर्ण बसायला थोडं चालवावं लागतं.

हेडलाइटचा झोत, वायपर, हॉर्न, इंडिकेटर, एचएसआरपी नंबर प्लेट. हे किरकोळ आहे, पण एका बल्बपायी दिवस जातो. आणि चेसिस नंबर घासून स्वच्छ करून न्या. ग्रीस आणि रंगाखाली वाचता आला नाही तर तपासनीस पुढे जातच नाही.

खानापूर_घाट
मास्तर, पीयूसीत धुराचा आकडा कशाने वाढतो? जुन्या गाड्या घाटात काळा धूर सोडतात आणि पीयूसीला अडतात.

एफसी_मास्तर
बहुतेक वेळा एअर फिल्टर. कास्टिंगची काळी धूळ, खाणीची लाल माती यांनी तो महिन्या-दोन महिन्यांत चोंदतो. त्यानंतर नोझल आणि पंपाचं टायमिंग. टर्बोचा होज फाटला असेल तरी हवा कमी पडून धूर येतो, आणि ते कानाने कळतं, शिट्टीसारखा आवाज येतो.

दुसरं, गाडी थंड असताना चाचणी देऊ नका. इंजिन ऑइल किमान ६० अंशांवर असावं लागतं. पाच-दहा किलोमीटर चालवून थेट न्या. बीएस-४ (धुराच्या नियमांचा टप्पा) डिझेल गाडीला मर्यादा १.६२ प्रति मीटर, त्याआधीच्या गाडीला २.४५. प्रमाणपत्राची मुदतही वेगळी : बीएस-४ आणि बीएस-६ ला एक वर्ष, त्याआधीच्यांना सहा महिने. जुनी गाडी असेल तर पीयूसी वर्षातून दोनदा येतं हे वहीत लिहून ठेवा, कारण नॅशनल परमिटच्या तारखेला नेमकं तेच संपलेलं सापडतं.

सीमाभाग_लॉरी
ट्रॅकिंग यंत्राचं काय? कोणी म्हणतं फक्त बसला लागतं.

परिवहन_खिडकी
नाही. नॅशनल परमिटच्या गाडीला ट्रॅकिंग यंत्र आणि फास्टॅग दोन्ही हवेत, नोव्हेंबर २०१८ च्या दुरुस्तीपासून. त्याच दुरुस्तीने पुढे-मागे 'नॅशनल परमिट' किंवा 'एन/पी' ठळक लिहिणं आणि उघड्या बॉडीतला माल झाकणं घातलं. ताडपत्री नसली तर नियम मोडतो, कास्टिंग असो की चिपाड. यंत्र बसवलं की ते पोर्टलवर गाडीशी जोडलंय का बघा. आत सिम असतं आणि त्याचं रिचार्ज संपलं की यंत्र गाडीत असूनही पोर्टलला बंद दिसतं. रिचार्जची तारीख विम्याच्या तारखेबरोबर लावून घ्या.

फास्टॅगही तसाच. १७ फेब्रुवारी २०२५ पासून, टोलवर रीड होण्याआधी ६० मिनिटांहून जास्त वेळ टॅग ब्लॅकलिस्टमध्ये असेल आणि रीड झाल्यावर १० मिनिटांतही तसाच राहिला, तर जादा टोल बसतो. कोगनोळी टोलच्या रांगेत उभं राहून रिचार्ज करण्यात अर्थ नाही. संकेश्वरकडून येणाऱ्यांनी हत्तरगी टोलच्याही आधी शिल्लक बघावी. बँकेचं केवायसी अर्धवट असेल तर शिल्लक असूनही टॅग बंद पडतो.

शिनोळी_पिकअप
आमची छोटी गाडी आहे, काकतीहून शिनोळी आणि चंदगडपर्यंत. एवढ्या जवळच्या फेरीसाठी वर्षाला साडेसतरा हजार भरायचे का?

परिवहन_खिडकी
आरसीवर ग्रॉस वेट बघा, दादा. गाडी आणि माल मिळून ३,००० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे परमिटच लागत नाही. छोटा हत्ती यात बसतो. पिकअपमध्ये मात्र मॉडेलप्रमाणे फरक पडतो : एकाच नावाच्या गाडीचं एक मॉडेल ३,००० च्या आत असतं, दुसरं वर. शोरूमवाल्याचं बोलणं धरू नका, आरसीवरचा आकडा धरा. ३,००० च्या वर असाल आणि हद्द ओलांडत असाल तर महाराष्ट्रात चालणारं परमिट हवंच, अंतर कितीही असो. परमिटची सूट म्हणजे विमा, पीयूसी, एफसी यांची सूट नव्हे, ते सगळं लागतंच.

भाडं_निपाणी
सीमेवरच्या लोकांनी एक गोष्ट नीट समजून घ्या. नॅशनल परमिटवर दुसऱ्या राज्यातल्याच दोन ठिकाणांमध्ये माल वाहता येत नाही. केए नंबरची गाडी निपाणीहून पुण्याला जाईल, पुण्याहून बेळगावला येईल, पुण्याहून पणजीलाही जाईल. पण कागलच्या एमआयडीसीत भरून साताऱ्यात उतरवलं तर तो परमिटचा भंग. निपाणीहून कागल हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे भाडं सहज येतं आणि ब्रोकर 'काही होत नाही' म्हणतो. ई-वे बिलावर (माल नेताना लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल) 'कुठून' आणि 'कुठे' दोन्ही महाराष्ट्र, आणि गाडी केए, हे तपासणीत एका नजरेत दिसतं. ज्यांना असं काम रोजचं आहे त्यांनी त्या राज्यातली गाडी लावावी.

सहाचाकी_संकेश्वर
वयाची अट पण लिहा. जुनी गाडी घेणारे इथेच फसतात.

परिवहन_खिडकी
बरोबर. नियम ८८ : दोन ॲक्सलची गाडी, म्हणजे आपली सहा चाकी, १२ वर्षांपर्यंतच नॅशनल परमिटवर चालते. दोनपेक्षा जास्त ॲक्सलची, म्हणजे दहा चाकीपासून पुढे, १५ वर्षांपर्यंत. त्या दिवसानंतर परमिट आपोआप निकामी समजलं जातं, पार्ट बीवर तारीख पुढची दिसत असली तरी. अकरा वर्षांची सहा चाकी कोणी 'एनपी चालू आहे' म्हणून चढ्या भावाने विकत असेल तर त्या एनपीची किंमत एक वर्षाची आहे. नंतर ती राज्यातल्या परमिटवर गोकाक, बैलहोंगल, धारवाडकडे चालेल, कोल्हापूरला नाही.

फायनान्सची गाडी असेल तर परमिटच्या कामांना फायनान्सरची ना हरकत लागू शकते. हप्ता थकलेला असला की ते पत्र अडवून धरतात. म्हणून पाच वर्षांच्या नूतनीकरणाला महिनाभर आधीच मागा.

कायदा_खानापूर
एखादा कागद संपलेला असताना रस्त्यावर काय होतं, ते थोडक्यात. परमिट नसेल तर कलम १९२-अ : १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. पीयूसी नसेल तर १०,००० पर्यंत. विमा नसेल तर पहिल्यांदा २,०००, पुन्हा सापडल्यास ४,०००. ओव्हरलोड असेल तर २०,००० आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००, शिवाय जादा माल उतरवून घ्यायचा.

पण दंड हा लहान भाग आहे. मोठा भाग अपघाताचा. परमिट नसताना अपघात झाला तर तो विम्याच्या अटींचा मूलभूत भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं. विमा कंपनी जखमींना किंवा वारसांना भरपाई देते आणि ती सगळी रक्कम मालकाकडून वसूल करते. मृत्यूच्या दाव्यात ती रक्कम गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकते. एक गाडी असलेल्या मालकाचं घर आणि शेत त्यात जातं. म्हणून पार्ट बी संपला असेल तर 'एवढी एक ट्रिप मारून येऊ' असं ड्रायव्हरला सांगू नका. त्याच्याही जिवाशी आणि लायसन्सशी खेळ होतो.

कागद मोबाइलवर दाखवता येतात, पण डिजीलॉकर किंवा एमपरिवाहनमधून. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो म्हणजे कागद नव्हे. ड्रायव्हरच्या फोनमध्ये गाडी जोडून द्या, मालक बेळगावात आणि गाडी खंबाटकीत असं असताना ओटीपी मागत बसायला नको. आणि ड्रायव्हरचं लायसन्सही यादीत धरा : ट्रान्सपोर्टचं लायसन्स पाच वर्षांचं, धोकादायक मालाचं तीन वर्षांचं. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतून इथेनॉल नेणाऱ्या टँकरवाल्यांनी दुसरं विशेष बघावं.

हिशेब_टिळकवाडी
कराची बाजू लिहितो, कारण मार्च-एप्रिलमध्ये तीही येते.

आयकर : वर्षात कधीही दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नसतील तर अनुमानित पद्धत घेता येते, जुन्या कायद्यातलं कलम ४४-एई. १२,००० किलोच्या वरच्या गाडीला दर टनाला दरमहा १,००० रुपये उत्पन्न धरतात. त्याखालच्या गाडीला दरमहा ७,५००. वरच्या २८ टनी गाडीचं महिन्याला २८,०००, वर्षाला ३,३६,०००. गाडी उभी असली तरी मालकीचा महिना मोजला जातो, अर्धवट महिनाही पूर्ण. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, त्यात कलमांचे क्रमांक बदललेत, सीएकडे जुना क्रमांक सांगून घोळ घालू नका.

टीडीएस : दहा किंवा कमी गाड्या असतील तर पॅनसह लेखी घोषणापत्र कंपनीला द्या, मग भाड्यातून टीडीएस कापत नाहीत. हे पत्र दर आर्थिक वर्षाच्या पहिल्या बिलाआधी द्यायचं. जूनमध्ये दिलं तर एप्रिल-मेचं कापलेलं रिटर्न भरूनच परत मागावं लागतं.

जीएसटी : बिल्टी (माल वाहतुकीची पावती) कोण फाडतो यावर सगळं आहे. तुम्ही गाडी ट्रान्सपोर्ट कंपनीला भाड्याने देता आणि बिल्टी तिची असेल तर तुमच्या भाड्यावर जीएसटी नाही. तुमच्या नावाची बिल्टी असेल तर तुम्ही जीटीए, म्हणजे मालवाहतूक एजन्सी. मग साधारणपणे माल घेणारी किंवा पाठवणारी, म्हणजे भाडं देणारी कंपनी ५ टक्के उलट पद्धतीने, म्हणजे तुमच्याऐवजी स्वतः, भरते. जीटीएने स्वतः कर भरायचा पर्याय घ्यायचा असेल तर घोषणा आधीच्या आर्थिक वर्षात, १ जानेवारी ते ३१ मार्च या काळात करायची. ३१ मार्च हुकला की वर्ष गेलं.

उद्यमबाग_लोडिंग
ई-वे बिलाचंही लिहा की. फाउंड्रीतून गाडी उशिरा सुटते आणि बिल वाटेतच संपतं.

हिशेब_टिळकवाडी
माल ५०,००० रुपयांच्या वर असेल तर लागतं. मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. बेळगाव-चाकण साडेतीनशेच्या पुढे जातं, म्हणजे दोन दिवस. मुदत वाढवायची खिडकी संपायच्या आठ तास आधीपासून संपल्यानंतर आठ तासांपर्यंत. ई-वे बिलाच्या पार्ट बीमध्ये (हा परमिटचा पार्ट बी नव्हे) गाडी नंबर भरला की मुदत सुरू होते, म्हणून भट्टीतून माल निघायच्या आधी नंबर टाकायची घाई फाउंड्रीच्या ऑफिसला करू देऊ नका. वाटेत गाडी बिघडून दुसरीत माल भरला तर नवीन नंबर टाकल्याशिवाय हलू नका. जीएसटी नोंदणी नसलेल्या ट्रान्सपोर्टरने पोर्टलवर नाव नोंदवून ट्रान्सपोर्टर आयडी घ्यावा, तो एकदाच.

भाडं_निपाणी
बुकिंग ऑफिस चालवणाऱ्यांसाठी : दुसऱ्यांचा माल गोळा करून, साठवून, बिल्टी फाडून पाठवत असाल तर २००७ च्या रस्ता वाहतूक कायद्याखाली कॉमन कॅरियर म्हणून नोंदणी लागते. ती दहा वर्षांची. नुसत्या गाडीमालकाला ती लागत नाही, ट्रान्सपोर्ट कंपनीला लागते.

सीमाभाग_लॉरी
शेवटचा प्रश्न. ऊस हंगाम संपला की काही गाड्या पावसाळ्यात उभ्याच राहतात. तेवढ्यापुरतं काही वाचवता येतं का?

परिवहन_खिडकी
रोड टॅक्सचं येतं. गाडी वापरात नसल्याची सूचना आरटीओला आधी द्यायची, गाडी कुठे उभी आहे ते लिहून. उभी केल्यानंतर दोन महिन्यांनी दिलेला अर्ज मागच्या काळाला लागू होत नाही. आणि त्या काळात गाडी रस्त्यावर दिसली तर सवलतही जाते, दंडही बसतो. तपासणीला अधिकारी येऊ शकतात, म्हणून लिहिलेल्या जागेवरून गाडी हलवू नका.

एनपीच्या १६,५०० चं तसं होत नाही. ते वर्षाचे असतात, गाडी उभी असो की धावो. म्हणून हंगामी गाडीचा पार्ट बी जूनमध्ये संपत असेल तर लगेच भरायची घाई नको. गाडी राज्यातच उभी ठेवा आणि हंगामाची गाडी भरायच्या आधी भरा. मात्र विमा त्या काळातही चालू ठेवा. उभ्या गाडीलाही आग लागते, पूर येतो, आणि दूधगंगा-वेदगंगेच्या काठच्या गोठ्यात, शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाड्या कमी नाहीत.